खरी नक्कल

कुणबी नोंदीची नक्कल हातात पडली त्या दिवशी माझ्या चुलतभावानं पारावर पेढे वाटले. ही २०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबरात नेमली गेली होती, आधी मराठवाड्यासाठी आणि मग साऱ्या राज्यासाठी. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या आडबाजूच्या गावातही मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. जन्ममृत्यूची जुनी वही, म्हणजे सरकारी भाषेत गाव नमुना १४ आणि लोकांच्या भाषेत कोतवाल बुक, शंभर वर्षं दप्तरात पडून होती. आता तिच्या एकेका पानासाठी रांग लागायला लागली.

भावानं मला फोनवर त्या नोंदीचा फोटो पाठवला. ऑक्टोबर १९१८. आमच्या पणज्याची आई मयत. जात कुणबी. फोटो अगदी बेतानं कापला होता. वर एक रेघ, खाली एक रेघ आणि मधे आमचं भाग्य. खाली लिहिलं होतं, 'दादा, सापडलं!'

मला अख्खं पान बघायची खोड आहे. आठवड्यानं मी स्वतः गेलो, मोडी वाचणाऱ्याला चहा पाजला आणि ते पान वरपासून खालपर्यंत वाचून घेतलं. त्या ओळीच्या खाली चार ओळी सोडून पणज्याचा आठ वर्षांचा मुलगा. कारण, ताप. त्याच्याही खाली, दुसऱ्या आठवड्यात, तीन वर्षांचा मुलगा. कारण, ताप. अकरा दिवसांत एका उंबऱ्यातून तीन मढी निघाली होती. ज्या पानावर आम्ही पेढे वाटले ते पान हे होतं.

भावाला नावं ठेवायला हे लिहीत नाही. दाखल्याची गरज त्याच्या पोराला होती तशी माझ्या नातीलाही आहे, आणि तीच नक्कल जोडून मीही अर्ज केला. आरक्षण कुणाला मिळावं, कुणाला नाही, हा या लेखाचा विषय नाही. माझी तक्रार आपल्या सगळ्यांच्या एका सवयीबद्दल आहे, आणि तिच्यात मी स्वतःलाही धरतो. आपल्याला पूर्वज नको असतो. त्याचा उपयोग तेवढा हवा असतो. पानातून कामाचा एक शब्द कापून घ्यायचा आणि माणूस पुन्हा दप्तरात बांधून ठेवायचा.

हा पणजा आमच्या घरात माणूस नव्हता, शिवी होता. एखादं पोरगं शाळा चुकवायला लागलं की आत्या म्हणायची, 'चाललंया थोरल्याच्या वळणावर.' तो दारू प्यायचा, त्यानं मळ्याची जमीन घालवली, चोरी केली आणि जेलात गेला. घरातला इतिहास एवढाच, चार वाक्यांचा. पितृपक्षात त्याच्या बापाचं नाव घ्यायचे, त्याच्या मुलाचं घ्यायचे आणि मधल्या याला गाळायचे. आमच्या भागात वंशावळ सांगणारा हेळवी येतो. लहानपणी तो बैलावर बसून यायचा, आता त्याचा नातू मोटारसायकलवर येतो. मूळ गाव, देवक, कोण कुणाचा, कुणी कुठं जाऊन घर केलं, सगळं चोपडीतून खणखणीत आवाजात सांगतो. पणज्यापाशी आला की त्याचा आवाज उतरायचा आणि तो झटक्यात पुढच्या पिढीवर उडी मारायचा. त्याचं तरी काय चुकलं? ज्याच्या कणगीतून पायली मिळायची त्याला गोड लागेल तेवढंच तो वाचणार.

आता हेळव्याचं काम छापखाने करतात. प्रत्येक भावकीची रंगीत वंशावळ निघते, लॅमिनेट करून बैठकीत टांगली जाते. कुणाचा मूळपुरुष शिलेदार, कुणाचा किल्लेदार, कुणाचा सरदार. मी अशा पाच-सहा वंशावळी बारकाईनं वाचल्या. एकातही कर्जबाजारी नाही, दारूडा नाही, रणातून पळालेला नाही, वेडा झालेला नाही. एवढे सरदार होते तर त्यांच्या फौजेत शिपाई कुठून आणले, असा प्रश्न मला पडतो. आपण कोणाचे वंशज आहोत हे कळायला हवं असेल तर वंशावळीत गाळलेल्यांची यादी करावी लागेल. मी माझ्यापुरती ती करायला बसलो.

दीड वर्ष गेलं त्यात. कागद हाती आले ते उलटसुलट. इथं ते सालवार लावतो.

१९१८ साल. गावाकडचे जुने लोक त्या साथीला मानमोडी म्हणत. तो इन्फ्लुएंझा. पावसाळ्याच्या तोंडाशी मुंबईत उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्यांदा उसळून खेडोपाडी पसरला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन बसला होता. कोतवाल बुकात मात्र मानमोडी हा शब्दच नाही. नुसता ताप, ताप, ताप. पानंच्या पानं. लिहिणाऱ्याचं अक्षर पहिल्या पानावर गोल आहे, दहाव्या पानावर नुसते फराटे.

१९१९ साल. पणज्यानं ११ एकर २० गुंठे जमीन सावकाराला लिहून दिली. दस्ताच्या सूचीत एक ओळ, फेरफाराच्या वहीत तीन ओळी. कागदावर ती विक्री आहे. पण आमच्या जिल्ह्यात अशा विक्रीकडे जरा थांबून बघावं लागतं. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यानंतर १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा हे चार जिल्हे त्यात पहिल्यांदा आले. गहाणखत असेल तर कोर्ट हिशेब तपासू लागलं, व्याजाला कात्री लावू लागलं. मग सावकारांनी गहाण लिहून घेणंच कमी केलं आणि सरळ खरेदीखत मागू लागले. पैसे फिटले की जमीन परत देतो, हे तोंडी. आमच्या पणज्याच्या बाबतीत तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की 'जमीन दारूत घालवली' हे आम्ही शंभर वर्षं म्हणत आलो आणि ती विक्री घरातल्या तीन मयतांनंतर पाच महिन्यांत झाली होती, हे एकानंही कधी बघितलं नाही.

दारूचंही तसंच. तो प्यायचा, यात शंका नाही. पण १८७८ च्या अबकारी कायद्यानं दारू गाळणं आणि विकणं सरकारनं स्वतःच्या मुठीत घेतलं होतं. दुकानांचे लिलाव व्हायचे, ठेकेदार बोली लावायचे आणि तो पैसा तिजोरीत जायचा. म्हणजे सरकारच्या हुकमाने चालणाऱ्या दुकानात बसून तो सरकारच्या वहीत वाईट झाला.

आणि मग १९२२. जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर साप्ताहिकांचे बांधलेले गठ्ठे आहेत. पान उलटलं की कडेचा चुरा मांडीवर पडतो. तिथं चौथ्या दिवशी मला आमच्या गावाचं नाव दिसलं. एका शक्तिवर्धक औषधाची जाहिरात, तिच्या खाली एका हरवलेल्या बैलाची नोटीस आणि दोन्हींच्या मधे सात ओळींची बातमी. त्यात आमचं आडनाव एका अक्षरानं चुकलेलं, पण बापाचं नाव बरोबर. पणज्याला तीत 'बदमाष' म्हटलं होतं. कलम ११० खाली दोनशे रुपयांचा जामीन मागितला होता, तो देता आला नाही म्हणून एक वर्ष सक्तमजुरी.

खरं सांगतो, मी ती बातमी तीनदा वाचली आणि चोरी शोधली. काय चोरलं, कुणाचं चोरलं, कधी चोरलं. काहीच नाही. मला वाटलं बातमी अर्धवट आहे. खटल्याचे कागद मागायला गेलो तर मुदत संपलेले फौजदारी कागद नष्ट करायचे असतात, त्यासाठी १९१७ चा कायदाच आहे, असं कळलं. शेवटी एका म्हाताऱ्या वकिलांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, 'चोरी सापडायची नाही तुम्हाला. त्या कलमाला चोरी लागत नाही.'

१८९८ च्या फौजदारी संहितेतलं कलम ११० मग मी नीट वाचून घेतलं. एखादा माणूस सराईत चोर आहे, चोरीचा माल ठेवणारा आहे किंवा फार धोकादायक आहे अशी माहिती मिळाली की मॅजिस्ट्रेट त्याच्याकडून चांगल्या वागणुकीचा जामीन मागू शकत होता, तीन वर्षांपर्यंतचा. जामीन दिला नाही तर तुरुंग. आणि तो सराईत आहे हे सिद्ध कशावरून करायचं? कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की त्याच्या सर्वसाधारण लौकिकावरून सिद्ध करता येईल. लौकिक म्हणजे गाव काय म्हणतं ते. गाव म्हणजे कोण? साहेबासमोर उभं राहून ज्याला बोलता येतं तो. आणि जामीन राहायला लागतो बऱ्या स्थितीतला माणूस. ज्यानं तीन वर्षांपूर्वी जमीन लिहून दिली, जो संध्याकाळी दारूच्या दुकानापाशी पडलेला असतो, त्याला दोनशे रुपयांना जामीन कोण राहणार?

साक्षीला कोण कोण आलं ते बातमीत नाही, म्हणून मी कुणावर बोट ठेवत नाही. पण आमच्या घरानं शंभर वर्षं ज्याला चोरीची शिक्षा म्हटलं ती चोरीची नव्हती. गावानं त्याला वाईट म्हटलं म्हणून कोर्टानं आत टाकलं, आणि कोर्टानं आत टाकलं म्हणून गाव त्याला वाईट म्हणत राहिलं. हे चक्र फिरत फिरत आत्याच्या तोंडातल्या शिवीपर्यंत आलं.

इथं थांबलो असतो तर मला भलतंच समाधान मिळालं असतं. लेखही तयार होता. साथीनं पोरं नेली, सावकारानं जमीन नेली, सरकारनं दारू पाजली आणि गावानं बदनाम केलं. बिचारा पणजा. मी सगळे कागद पिशवीत घातले आणि आत्याकडे गेलो. आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. पणजीच्या कुशीत झोपलेलं हयात असलेलं ती एकटीच माणूस. तिला मी सगळं वाचून दाखवलं. मानमोडीनं त्याला बिघडवलं, असं मी म्हणालो.

आत्या बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'आरं, मेलेलं मढं उकरतुयास तर नीट तरी उकर. म्हातारीच्या कपाळावरची खोक ठावं हाय का तुला? डाव्या भिवईवर. फुकणी फेकून मारली हुती. तवा तुझा आजा पोटात हुता.'

आजोबांचा जन्म १९१२ चा. म्हणजे मानमोडीच्या सहा वर्षं आधी, पोरं जिवंत होती, जमीन घरात होती, तेव्हाही तो बायकोला मारत होता.

मी विचारलं, 'मग तो जेलमध्ये गेला तेव्हा तिचं काय झालं?'

आत्या म्हणाली, 'लोकाच्या जात्यावर दळायची. पर आजी म्हणायची, त्यो जेलात हुता त्या साली मी रातभर झोपले. तेवढंच एक साल.'

पिशवीतले सगळे कागद त्या एका वाक्यापुढं हलके झाले. माझ्याकडे अकरा दिवसांची नोंद होती, एकरांची होती, कलमाची होती. फुकणीची नोंद कुठंच नव्हती. मी परत जाऊन कोतवाल बुकात पणजीला शोधलं. आमच्या गावच्या वहीत जन्माच्या नोंदीत बापाचं नाव असतं आणि पुढं मुलगा किंवा मुलगी. पाच लेकरं तिनं जन्माला घातली, पाचही नोंदींत तिचं नाव नाही. ती पहिल्यांदा वहीत येते १९५४ साली, मेल्यावर. वय अंदाजे ६५, कारण म्हातारपण. अंदाजे! जिनं आमचं घर ओढून आणलं तिचं वयसुद्धा कुणाला नक्की माहीत नव्हतं.

तर असा हा हिशेब आहे. ज्या गुन्ह्यासाठी तो तुरुंगात गेला तो त्यानं केल्याचा एक ओळीचा पुरावा नाही. जो गुन्हा त्यानं नक्की केला, वर्षानुवर्षं केला, तो कुठल्याच दप्तरात गुन्हा म्हणून लिहिलेला नाही. सरकारला त्याच्या घरातल्या मारहाणीशी देणंघेणं नव्हतं, साप्ताहिकाला नव्हतं, पाटलाला नव्हतं, आणि आम्हा पोराबाळांनाही नव्हतं. घरानं शंभर वर्षं त्याच्यावर राग धरला तो कशाबद्दल? जमीन गेली याबद्दल. बायकोच्या कपाळाबद्दल कुणी राग धरल्याचं मी ऐकलं नाही.

म्हणून मला दोन्हीकडच्या लोकांशी भांडायचं आहे. एकीकडे रेकॉर्ड म्हणजे ब्रह्मवाक्य मानणारे आहेत. कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, हे न विचारता ते कागद कपाळाला लावतात. अरे बाबा, त्या वह्या महसुलासाठी आणि बंदोबस्तासाठी होत्या. त्यात जमीन दिसते, मढं दिसतं, बदमाष दिसतो. रडणं दिसत नाही, मार दिसत नाही. दुसरीकडे माझ्यासारखे वाचलेले लोक आहेत. जुने कागद हातात आले की आम्हाला लगेच पूर्वज निर्दोष सोडवायचा असतो. परिस्थितीनं बिघडवला, इंग्रजांनी बिघडवला. परिस्थिती खरी आहे, इंग्रजही खरे आहेत. पण ती फुकणी इंग्रजानं फेकली नव्हती.

कुणी म्हणेल, हे घरातलं धुणं चार लोकांत कशाला? चुलतभावानं हेच म्हटलं. 'दादा, दाखला मिळाला, आता बास की. उद्या पोरीची सोयरीक करायची हाय.' त्याची भीती खोटी नाही. पण हेच लौकिकाचं भूत आहे, ज्यानं पणज्याला वर्षभर आत टाकलं आणि ज्यानं पणजीचं तोंड जन्मभर बंद ठेवलं. बाहेर कळलं तर काय म्हणतील, या एका भीतीवर मारणाऱ्या पुरुषांच्या किती पिढ्या निभावून गेल्या असतील.

आणि हे भूत जुनं झालेलं नाही. कलम ११० कुठं गेलं नाही. २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १२९ क्रमांकानं बसलं आहे. गावात चोरी झाली की पहिली गाडी ज्या वस्तीकडे वळते ती कुठली, हे आपल्याला न सांगता कळतं. आमचा पणजा तरी एकटा होता. १८७१ च्या कायद्यानं तर जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं हजेरी देत होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून गेला, पण लौकिक राहिला. आम्ही जुन्या वहीत नाव सापडलं म्हणून पेढे वाटतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावं हजेरीच्या वहीत आहेत, त्यांनी नाव सापडल्यावर काय वाटावं? हा प्रश्न पारावर आमच्यापैकी एकालाही पडला नाही, कारण आम्ही आमची ओळ कापून घेतली होती.

माझं सांगणं अवघड नाही. रेकॉर्ड रूममध्ये जाल तेव्हा दाखल्याची ओळ जरूर घ्या, पण पान पुरतं वाचा. मोडी वाचणाऱ्याला वरच्या आणि खालच्या दहा ओळींचे जादा पैसे द्या. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपुढं बसा आणि तिला विचारा, यात काय नाही? ती सांगेल ते लिहून काढा, साल घाला, तिचं नाव घाला. ती गेली की ते दप्तर पुन्हा उघडता येत नाही. त्याची नक्कल मिळत नाही.

यंदा सर्वपित्रीला मी पणज्याचं नाव घेतलं. सोबत मानमोडीत गेलेल्या दोन पोरांचं घेतलं आणि पणजीचं घेतलं. आत्याला विचारूनच घेतलं. ती म्हणाली, 'घे. पर आधी म्हातारीचं घे.'

सरकारी नकलेवर खाली शिक्का असतो, 'खरी नक्कल'. माझ्याकडच्या नकलेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आत्याची जबानी लिहिली आहे, फुकणीसकट आणि त्या एका सालच्या झोपेसकट. तिच्याखाली आत्याचा अंगठा घेतला. भावाकडे त्याची झेरॉक्स दिली आहे. त्यानं ती कपाटात ठेवली आहे. फाडलेली नाही.